झांकी : मिलच्या मिरवणुकीतून मित्रांच्या तोंडी

"जास्त झांकी जमवू नकोस." इंदूरच्या मराठी घरांत हे वाक्य आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं. नवे बूट घालून दोनदा अंगणातून फेरी मारली की ते ऐकू येणारच. दिमाख, रुबाब, दाखवेगिरी असा त्याचा ढोबळ अर्थ. या अर्थामागे मात्र देऊळ आहे, कापडगिरण्या आहेत आणि शंभरेक वर्षांचा गणेशोत्सव आहे.

शब्द मुळात हिंदीतला, 'झाँकना' म्हणजे डोकावणं यातून आलेला. वैष्णव मंदिरांत पडदा सरतो, सजवलेली मूर्ती थोडा वेळ दिसते आणि पडदा पुन्हा पडतो. त्या दर्शनाला झांकी म्हणतात. जन्माष्टमीला कृष्णजन्माचे प्रसंग मांडतात, त्यालाही झांकीच. म्हणजे पाहणारा आतुर आणि दिसणारं क्षणभर, असा हा शब्द होता. आज तो नेमका उलट झाला आहे: समोरच्याला पाहायचं असो वा नसो, दाखवणारा दाखवतोच.

ही उलटापालट घडवली ती इंदूरच्या मिलांनी. 1818च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात संस्थानाची कापडगिरणी सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मालवा, हुकुमचंद, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, भंडारी अशी मिलांची रांगच उभी राहिली. शहराचं घड्याळ मिलच्या भोंग्यावर चालू लागलं. पुण्यात 1893पासून टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला जी चालना दिली, तिचं वारं होळकरांच्या या मराठी वळणाच्या शहरात पोचणं साहजिकच होतं. 1920च्या दशकात हुकुमचंद मिलच्या गणपतीची मिरवणूक अनंत चतुर्दशीला झांकीसह निघाली, मग बाकीच्या मिलांनीही आपापल्या झांक्या काढल्या. देवळातली झांकी अशी रस्त्यावर आली. आता ती पडद्यामागून क्षणभर दिसत नव्हती, रात्रभर सगळ्या शहरासमोरून चालत होती.

ती रात्र ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. संध्याकाळपासून जेल रोड, जवाहर मार्ग, सीतलामाता बाजारातले ओटले भरलेले असतात. सतरंज्या टाकून जागा धरलेल्या. मध्यरात्र होते, लांबून ढोल ऐकू येतो. आधी आखाड्याची पोरं येतात, लाठी आणि बनेठी (टोकांना गोळे असलेली काठी) फिरवत. मागून झांकी. रावणाची दहा डोकी मोटरवर डुलतायत, हनुमानाचा हात वर जातो आणि खाली येतो, हजारो बल्ब आळीपाळीने पेटतायत, आणि सगळ्यांच्या मागे जनरेटरची गाडी धडधडत येते. पुतळ्याचा हात मध्येच अडकला की मिलचा कामगार चालत्या गाडीवर चढून आतली तार ठीक करतो, आणि हात हलला की दोन्ही बाजूंचे ओटले टाळ्या वाजवतात. झांक्यांना आणि आखाड्यांना बक्षिसं असतात, पण त्याआधीच ओटल्यावर निकाल लागलेला असतो. "मालवाची ठीक आहे, पण हुकुमचंदची जमली."

माझ्या मते सगळी मेख या 'जमली'त आहे. हिंदीतलं 'झांकी जमना' आधी मिरवणुकीबद्दल बोललं गेलं, मग माणसाबद्दल. वर्षातून एका रात्री मिल जे करते ते एखादा रोज करायला लागला, की मित्र म्हणणारच, "काय भिया (भैयाचं इंदुरी रूप), आज कोणाला झांकी दाखवतोयस?" त्यातूनच 'झांकीबाज' आला.

मराठीला हा प्रवास परका नाही. पुण्यात गणपतीपुढे मांडतात तो 'देखावा', आणि खोटा आव आणतो तोही 'देखावा'च करतो. दोन शहरं, एकच सण, दोन वेगळे शब्द आणि अर्थाचं वळण तेच. फरक एवढाच की 'देखावा करतो' हा ठपका आहे. एकदा बसला की पुसला जात नाही. झांकीत मात्र लाड मिसळले, आणि हे काम दोस्तांनीच केलं.

आमच्या टोळक्यात या शब्दाची पोरंबाळं झाली. वळणावर विजेच्या तारांत झांकी अडकते आणि मागची सगळी मिरवणूक थांबते. त्यावरून गोष्ट सांगता सांगता कोणी पुढचं विसरला की "अडकली झांकी!" आखाडा एका जागी फार वेळ खेळला की स्वयंसेवक ओरडतात, "आगे बढ़ाओ", म्हणून लांबण लावणाऱ्याला आम्ही म्हणायचो, "झांकी पुढे घे रे." एकाला पहिला पगार झाला. त्याने सगळ्यांना सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, नेऊन भुट्ट्याचा कीस खिलवला, पैसे कोणालाच काढू दिले नाहीत. त्या रात्री "आज भियाची झांकी!" ही निखळ शाबासकी होती. त्यालाही ती तशीच पोचली.

असं सगळीकडेच होतं. 'शहाणा' हा शब्द मित्राच्या तोंडी क्वचितच शहाण्याला लागतो. 'चांडाळचौकडी' ही शिवी जवळच्या चौघांसाठी कौतुक होते. इंदुरात 'भेंकर' म्हणजे भयंकर, पण भेंकर पोहे म्हणजे उत्तम पोहे. शब्द उलटा टाकायला समोरच्याला त्याचा सुलटा अर्थ माहीत असावा लागतो. आणि आपण तो वाईट अर्थाने टाकणार नाही, याची त्याला खात्रीही असावी लागते. ही खात्री नवख्याला नसते. म्हणूनच तेच वाक्य शेजाऱ्याला म्हटलं तर भांडण होतं.

एका घरात मात्र मी हा शब्द थट्टेत कधीच ऐकला नाही. मित्राचे वडील मिलमध्ये होते. हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991ला बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचे 224 कोटी रुपये मार्गी लागायला डिसेंबर 2023 उजाडलं. एका एका मिलला कुलूप लागत गेलं, पण झांक्या थांबल्या नाहीत. वर्गणी, देणग्या, महापालिकेची आणि विकास प्राधिकरणाची मदत यांवर कामगारांनी त्या चालू ठेवल्या. भाद्रपद जवळ आला की काका संध्याकाळी जुन्या मिलकडे जायचे, हाताला रंग लागलेला घेऊन परतायचे. त्या घरात झांकी म्हणजे 'आमची झांकी', दुसरा अर्थ नाही. त्यांच्यासमोर आम्हीही तो शब्द जपून वापरायचो. ज्यांनी तीस वर्षं पगाराविना ती मिरवणूक चालवली, त्यांच्या कष्टाला दाखवेगिरीशी जोडणं मला आजही जड जातं.

आता शब्द इंदूरबाहेर निघाला आहे. शिकायला पुण्यात गेलेल्या माझ्या भाचीने तो खोलीत नेला. तिच्या साताऱ्याच्या मैत्रिणीला मिल, आखाडा, चतुर्दशी यांतलं काही ठाऊक नाही, पण ती बिनदिक्कत म्हणते, "लय झांकी करतीया ही." आमच्याकडे झांकी 'जमवतात', तिकडे ती 'करायला' लागले आहेत.