पाकीट चोळले, तरी मुळांवर गाठी का आल्या नाहीत?

कडधान्यांचे जिवाणू खत वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पेरणीनंतर महिनाभराने आम्हाला येणाऱ्या फोनमध्ये एक तक्रार हमखास असते: "तुमचे पाकीट बियाण्याला चोळले होते, पण रोप उपटले तर मुळे कोरी." चौकशी केली की बहुतेक वेळा एकच कारण निघते. बुरशीनाशक आणि जिवाणू खत एकाच टोपल्यात, एकाच वेळी कालवलेले असते. जिवाणू मातीत पोहोचण्याआधी टोपल्यातच मेलेले असतात.

पाकिटातली काळी पावडर हे खत नव्हे, ते फक्त वाहक माध्यम. खरा माल म्हणजे तिच्यातले जिवंत रायझोबियम जिवाणू. तेच मुळांवर गाठी करतात आणि हवेतला नत्र (नायट्रोजन) पिकाला मिळवून देतात, म्हणजे नत्र स्थिर करतात. बुरशीनाशक बुरशी मारण्यासाठी असले तरी अनेक बुरशीनाशके जिवाणूंनाही सोडत नाहीत. तांबेयुक्त औषधे आणि कॅप्टन नावाचे बुरशीनाशक यांचा फटका जास्त बसतो, थायरम या बुरशीनाशकाचा त्या मानाने कमी. पण ओल्या रबडीत (पाण्यात कालवलेल्या पावडरीत) औषध आणि जिवाणू एकत्र आले की कमी-जास्त हा हिशेब उरत नाही, कारण तिथे औषध सर्वांत तीव्र असते आणि जिवाणूंना आडोसा नसतो.

म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी बुरशीनाशक, मग लागत असेल तर कीटकनाशक, सर्वांत शेवटी जिवाणू खत. रासायनिक औषध लावलेले बियाणे आधी पूर्ण सुकू द्या. ते काम आदल्या दिवशी उरकले तर उत्तम. जिवाणू खत मात्र पेरणीच्या दिवशीच लावा, आणि औषध लावलेल्या बियाण्याला त्याची मात्रा दुप्पट घ्या. रासायनिक औषधाऐवजी ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी वापरत असाल तर ही अडचण येत नाही, ते आणि रायझोबियम एकत्र नांदतात.

रंगीत बियाणे घेतले असेल तर

"आम्ही औषध लावलेच नव्हते" असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांचे बियाणे गुलाबी, लाल किंवा निळे असते. तो रंग बियाण्याचा नाही. औषध लावलेले बियाणे ओळखू यावे म्हणून तो दिलेला असतो. ओल्या बोटांनी चार दाणे चोळून पाहा, रंग बोटांना लागतो. पिशवीवर औषधाचे नाव छापलेले असते, ते वाचा. औषध तांबेयुक्त असेल किंवा कॅप्टन असेल, तर बियाण्याला जिवाणू लावण्याच्या फंदात पडू नका. हेक्टरी २ किलो जिवाणू खत ५० किलो चाळलेल्या, चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळा आणि पेरणीच्या वेळी ओळीत टाका. माल जास्त लागतो, पण जिवाणू जगतात.

बीजप्रक्रिया

१० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट. १ लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून घ्या आणि ते पाणी पूर्ण थंड होऊ द्या. कोमट पाण्यात पावडर टाकण्याची घाई करू नका. या पाण्यातले २०० ते ३०० मिलि घेऊन त्यात पाकीट कालवा. बियाणे ताडपत्रीवर पसरून रबडी त्यावर शिंपडा आणि हलक्या हाताने खालीवर करा. प्रत्येक दाण्यावर काळसर पातळ थर दिसला की थांबा. दाणे एकमेकांना चिकटून गोळे झाले, तर पाणी जास्त झाले. सोयाबीन आणि भुईमुगाच्या दाण्यावरचे टरफल पातळ असते. रगडून चोळले की ते सुटते आणि उगवण घटते. त्यांना पाणी बेताचे घ्या आणि ताडपत्रीची टोके उचलून बियाणे घोळवा.

सुकवायचे ते सावलीतच. उन्हात अर्धा तास पसरले तरी मेहनत वाया जाते. त्याच दिवशी, वाफशावर (जमीन ओलसर, पण चिखल नसताना) पेरा. कोरड्या, तापलेल्या मातीत जिवाणू तग धरत नाहीत. पेरणी यंत्रात बियाणे आणि रासायनिक खत एकाच पेटीत मिसळून टाकू नका.

"सगळ्या पिकांना चालेल असे एकच पाकीट द्या"

ही मागणी वारंवार होते आणि आम्ही नाही म्हणतो. प्रत्येक पिकाचा किंवा पीकगटाचा रायझोबियम वेगळा. हरभऱ्याचा सोयाबीनला चालत नाही, सोयाबीनचा हरभऱ्याला नाही. वाटाणा आणि मसूर यांचा एक गट. तूर, मूग, उडीद, चवळी आणि भुईमूग यांचा दुसरा. घेवड्याचा आणखी वेगळा, शिवाय घेवडा मुळात नत्र कमी स्थिर करतो, त्याला पाकिटावर सोडून चालत नाही. म्हणून मागणी नोंदवताना आम्ही आधी पीक विचारतो आणि मगच पाकीट देतो.

पाकीट किती गरजेचे, हेही स्पष्ट सांगतो. ज्या रानात ते पीक पहिल्यांदाच घेताय किंवा बरीच वर्षे घेतलेले नाही, तिथे ते टाळू नका. त्यातही नव्या रानातले सोयाबीन पाकिटावाचून पेरूच नका. जिथे तेच पीक नेहमी होते आणि गाठी भरपूर, आतून लाल दिसतात, तिथे फरक कमी दिसेल.

युरिया

पीक पिवळसर दिसले की युरियाची मूठ मारली जाते. मातीत तयार नत्र मिळाला की रोप गाठींवर साखर खर्च करत नाही, आणि गाठी येणे थांबते. गाठी कामाला लागेपर्यंतच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी हेक्टरी २० किलोच्या आसपास नत्र पुरतो. १०० किलो डीएपी या रासायनिक खतातून १८ किलो नत्र आणि ४६ किलो स्फुरद (फॉस्फेट) मिळते. गाठींना स्फुरद हवेच, त्यात कपात करू नका. आणि पाणी साचू देऊ नका, मुळांना हवा मिळाली नाही की गाठी काम थांबवतात.

गाठी कशा तपासाव्यात

पेरणीनंतर ३५ ते ४५ दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास पाहा. रोप हाताने ओढून उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात आणि मूळ कोरे दिसते. आमच्याकडे आलेल्या काही तक्रारी एवढ्यावरच मिटल्या आहेत. ओल्या जमिनीत कुदळीने ढेकळासकट रोप काढा, बादलीत बुडवून ठेवा, माती आपोआप सुटू द्या. मग गाठ नखाने चिरा. आतून गुलाबी किंवा लाल असेल तर ती नत्र स्थिर करते आहे. पांढरी असेल तर कोवळी किंवा निकामी, हिरवी-तपकिरी असेल तर म्हातारी. सोटमुळाच्या वरच्या भागात लाल गाठींचा झुपका असेल तर बियाण्याला लावलेले जिवाणू लागले असे समजा. नखाने सहज न निघणारी, मूळच फुगल्यासारखी गाठ ही सूत्रकृमींची (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींची) असते. त्यावर पाकिटाचा उपाय नाही.

हा खटाटोप कशासाठी, तेही पाहू. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतो. २० टक्के प्रथिने असलेला १० क्विंटल हरभरा म्हणजे २०० किलो प्रथिने, म्हणजे ३२ किलो नत्र, सुमारे ७० किलो युरियाइतका. हा नत्र गाठींनी हवेतून आणला नाही तर तो जमिनीतून उपसला जातो. ताटात डाळीला जी किंमत आहे ती याच प्रथिनांची. तृणधान्यांत कमी पडणारा लायसिन हा प्रथिनांचा घटक डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत कमी असलेला मेथिओनिन हा घटक तृणधान्यांतून मिळतो. पुढच्या पिकाला बिवड (आधीच्या पिकाने रानात मागे ठेवलेला कस) चांगला हवा असेल तर दाणे काढल्यावर मुळे आणि पाला रानातच राहू द्या. सगळे उपटून नेले की नत्रही त्याबरोबर जातो.

साठवण आणि तक्रार

पाकीट थंड, सावलीच्या जागी ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये, गाडीच्या टपावर किंवा औषधांच्या कपाटात ठेवू नका. यासाठीच आम्ही पाकिटे महिनोन्महिने आधी पाठवत नाही, पेरणीची तारीख विचारून पाठवतो. मुदत संपलेले पाकीट परत आणा, ते वापरू नका.

गाठी खरोखरच आल्या नसतील तर धुतलेल्या मुळांचा फोटो पाठवा. सोबत पाकिटावरचा बॅच क्रमांक, पेरणीची तारीख आणि बियाण्याला लावलेल्या औषधाचे नाव लिहा. औषधाचे नाव नसेल तर आम्हाला आधी तेच विचारावे लागते आणि तुमचे दोन दिवस जातात.