तबला ऐकू येतो, गायक गायब: हेडफोनच्या वायरीचा बिघाड कसा ओळखावा आणि घरी कसा दुरुस्त करावा

हेडफोन लावून गाणे सुरू केले तर वाद्ये लांबून आल्यासारखी वाजतात, घुमारा भरपूर, पण गाणाऱ्याचा आवाज जवळपास नाहीसा. अशा वेळी संशय आधी फोनवर जातो, मग अ‍ॅपवर, मग गाण्याच्या फाइलवर. बहुतेक वेळा दोष असतो तो दोन्ही कानांना सामाईक असलेल्या एका तारेचा. ती परतीची तार, म्हणजे ग्राउंड, तुटलेली असते.

३.५ मिमीच्या साध्या प्लगला तीन भाग असतात. टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्या कानाचे आणि मागचा लांब भाग दोघांच्या परतीचा. डाव्या बाजूचा प्रवाह टोकातून निघतो, डाव्या ड्रायव्हरमधून (कानातल्या छोट्या स्पीकरमधून) जातो आणि ग्राउंडने परततो, उजव्याचेही तसेच. ग्राउंड तुटले की परतीची वाट बंद होते. मग प्रवाहाला एकच रस्ता उरतो: टोकातून डावा ड्रायव्हर, तिथून उजवा ड्रायव्हर आणि मधल्या कड्यातून बाहेर. या रस्त्याने दोन चॅनेलमधला फक्त फरक वाजतो. ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज सहसा दोन्ही चॅनेलमध्ये सारखाच ठेवलेला असतो, त्यामुळे त्याचा फरक शून्य. उरतो तो एका बाजूला सरकवलेला वाद्यमेळ आणि घुमारा. म्हणजे मीटर हातात घेण्यापूर्वीच कानाने अर्धे निदान झालेले असते.

बाकीची लक्षणेही अशीच बोलकी आहेत. एक कान पूर्ण बंद असेल तर त्या बाजूची तार तुटली आहे. वायर हलवली की खरखर होऊन आवाज येतो-जातो, तेव्हा तुटलेली टोके एकमेकांना अधूनमधून टेकत असतात. एका कानात आवाज बंद नाही, नुसता कमी आहे, तर मात्र वायरीला दोष देण्याची घाई करू नका. कानात घालायच्या इअरफोनच्या जाळीवर मळ साचला की नेमके हेच होते. जाळी खाली धरून मऊ कोरड्या ब्रशने झाडा. पाणी किंवा स्पिरिट आत ओतू नका. फोनच्या जॅकमध्ये खिशातला कापूस साचला की प्लग पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो काढा. आणि सेटिंगमध्ये डावे-उजवे संतुलन मध्यावर आहे ना, तेही बघा. या तीन गोष्टींत बरेच हेडफोन 'दुरुस्त' होतात.

आता मल्टिमीटर. स्वस्तातला डिजिटल मीटर २०० ओहमच्या रेंजवर लावा. हेडफोन ३२ ओहमचा आहे असे धरू. टोक ते मागचा भाग, साधारण ३२. मधले कडे ते मागचा भाग, तेवढेच. टोक ते मधले कडे, साधारण ६४, कारण तिथे दोन्ही ड्रायव्हर एकामागून एक येतात. खोक्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा एक-दोन ओहम कमी-जास्त दिसले तर हरकत नाही; दोन्ही बाजू एकमेकींच्या जवळ असणे महत्त्वाचे. पहिली दोन मापे 'ओपन', म्हणजे वाट तुटलेली (मीटरवर डावीकडे नुसता १ किंवा ओएल), आणि तिसरे ६४ आले, तर ग्राउंड गेले. पहिले आणि तिसरे ओपन, दुसरे ठीक, तर डावी तार गेली. एखाद्या बाजूला जवळपास शून्य आले तर तार तुटलेली नाही, दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मीटर लावताना चालू ड्रायव्हरमधून हलकीशी खट्ट ऐकू येते. मीटर तपासणीसाठी थोडा प्रवाह सोडतो, त्याची ती खूण.

माइक असलेल्या हेडसेटच्या प्लगवर चार भाग असतात. सध्याच्या बहुतेक फोनांच्या रचनेत टोक डावा, पहिले कडे उजवा, दुसरे कडे ग्राउंड आणि मागचा भाग माइक. जुन्या काही फोनांत शेवटच्या दोघांची अदलाबदल असे. असा बेमेळ झाला की वायर धडधाकट असूनही गायक गायबच होतो. पण माइकचे बटण दाबून धरले की आवाज भरून येतो, कारण ते बटण माइक आणि ग्राउंड यांना थेट जोडते. हे घडले तर कात्री खाली ठेवा. तुम्हाला फक्त अडॅप्टर हवा आहे.

तुटले कुठे हे शोधायला मोनो आवाज, म्हणजे बातम्या किंवा भाषण, हळू आवाजात लावा. वायर दोन अंगठ्यांमध्ये दोनेक सेंटीमीटर अंतराने धरा आणि प्लगपासून कानाकडे सरकत थोडी थोडी वाकवा. दोष बहुधा तीनपैकी एका जागी सापडतो: प्लगच्या रबरी मानेजवळ, वायर दोन कानांकडे फुटते तिथे, किंवा कानाच्या कपात शिरते तिथे. सुरुवात प्लगपासूनच करा.

याच जागा का? तार वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते. हा ताण साधारण तारेच्या व्यासाला वाकाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागून मिळतो. ०.०५ मिमी जाडीची तार ५ मिमी त्रिज्येत वाकली तर ताण अर्धा टक्का, ०.५ मिमीची एकच जाड तार असती तर पाच टक्के. म्हणूनच या वायरीत जाड तारेऐवजी केसासारख्या अनेक तारा असतात, बऱ्याचदा नायलॉनच्या धाग्याभोवती गुंडाळलेल्या. पण कडक प्लग संपून मऊ वायर सुरू होते तिथे वाक एकाच बिंदूवर येतो, त्रिज्या मिलिमीटर-दीड मिलिमीटरवर उतरते आणि ताण तीन ते पाच पट होतो. तांबे वारंवार वाकले की कडक होत जाते, बारीक भेगा पडतात, एकेक तार सुटते. शेवटच्या दोन-तीन तारा उरतात तेव्हा खरखर सुरू होते. घाम किंवा समुद्राकाठची खारी हवा आत शिरली तर तांबे हिरवे पडते, आणि त्या हिरव्या थरावर सोल्डर, म्हणजे जोडासाठी वितळवायचा मिश्रधातू, धरत नाही.

सामान फारसे नाही. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, ६०/४० किंवा ६३/३७ची बारीक सोल्डर वायर, रोझीन फ्लक्स (सोल्डर नीट धरायला मदत करणारा राळेचा लेप), हीट श्रिंक नळी (तापवली की आकसून घट्ट बसणारी), बारीक सँडपेपर, कटर आणि स्क्रूचे कव्हर असलेला धातूचा प्लग. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत हे सगळे एका फेरीत मिळते. प्लग घेताना कव्हरच्या मागच्या भोकाचा व्यास बघा. तुमची वायर त्यातून जाणार नसेल तर प्लग कितीही चांगला असो, उपयोग नाही.

जुना प्लग त्याच्या रबरी मानेच्या दोन-तीन सेंटीमीटर पुढे कापा. फार जवळ कापले तर थकलेले तांबेच हातात राहते. मग कापलेल्या टोकाला तीच तीन मापे पुन्हा घ्या. तारांवर वीज अडवणारा लाखेचा पातळ थर असतो, म्हणून टोके खरवडून मीटर लावा. मापे बरोबर आली तर दोष कापलेल्या तुकड्यात होता हे पक्के. नाही आली, तर नवा प्लग लावून वेळ घालवू नका, पुढची जागा शोधा.

आता प्लगचे कव्हर आणि हीट श्रिंक नळी आधी वायरीत ओवा. जोड झाल्यावर कव्हर टेबलावरच राहिलेले दिसते, ही या कामातली सर्वांत जुनी तक्रार आहे. बाहेरचे आवरण १२ ते १५ मिमी सोला. आत सहसा लाल तार उजवी, हिरवी किंवा निळी डावी आणि तांब्याच्या रंगाच्या एक-दोन तारा ग्राउंडच्या. पण रंगांवर पूर्ण विश्वास नको. शंका आली तर मीटरने प्रत्येक जोडी तपासा. कोणत्या कानात खट्ट होते यावरून बाजू कळते.

तारांवरचा रंग ही खरे तर लाख आहे, आणि ती विजेला अडवते. नुसती पीळ मारून चिकटपट्टी लावलेला जोड यासाठीच टिकत नाही. लायटरने जाळण्याचा सोपा मार्ग बरेच जण सुचवतात; त्यात लाखेबरोबर तांबेही काळे पडते आणि नायलॉन वितळून तारांवर बसतो. त्यापेक्षा नायलॉनचा धागा वेगळा करून कापा, टोकाला फ्लक्स लावा, आयर्नच्या टोकावर सोल्डरचा मोठा थेंब घ्या आणि तारेचे टोक त्यात तीन ते पाच सेकंद बुडवा. लाख जळून वर तरंगते आणि भांड्याला कल्हई चढावी तशी तार चकचकीत होते. चमक आली नाही तर सँडपेपर हलक्या हाताने फिरवून पुन्हा करा. धूर नाकाखाली येऊ देऊ नका, खिडकी उघडी ठेवा, आणि सोल्डरमध्ये शिसे असते म्हणून नंतर हात साबणाने धुवा.

प्लगच्या पत्र्यांनाही आधी सोल्डरचा पातळ थर द्या. प्लगच्या आत प्लास्टिकच्या चकत्या असतात. तापल्या की भाग सरकतात आणि आतल्या आत शॉर्ट होतात. एखाद्या जुन्या, निरुपयोगी सॉकेटमध्ये प्लग खोचून ठेवला तर भाग जागेवर राहतात आणि उष्णताही ओढली जाते. प्रत्येक जोडाला दोन-तीन सेकंदच द्या. आधी मधली बारीक जोडणी, टोकाची, मग कड्याची, शेवटी ग्राउंडची. डाव्या-उजव्या कानाच्या ग्राउंड तारा वेगळ्या असतील तर एकत्र पिळून जोडा. हा जोड सर्वांत चांगला हवा. सामाईक तारेत २ ओहमचा जरी अडथळा राहिला तरी ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये डाव्या बाजूचा साधारण साडेपाच टक्के विद्युतदाब उलटा होऊन उजवीकडे शिरतो, आणि स्टिरिओचा पसारा बिघडतो.

कव्हर लावण्यापूर्वी तीन मापे पुन्हा घ्या, वायर हलवत घ्या. मगच प्लगची पकड दाबा, आणि ती बाहेरच्या आवरणावर बसेल अशी. उघड्या तारांवर बसली तर तीच त्यांना कापते. शेवटी हीट श्रिंक असे चढवा की ते प्लगपुढे दोन-तीन सेंटीमीटर जाईल, आणि त्यावर दुसरा, आखूड थर. दोन थरांमुळे कडकपणा हळूहळू कमी होतो, वाक पसरतो. घट्ट इपॉक्सीचा लांब गोळा लावला तर वायर त्या गोळ्याच्या टोकाशी तुटेल, एवढाच फरक.

दोष कपाच्या आत असेल तर उशी काढा. स्क्रू बहुधा तिच्याखाली लपलेले असतात. ड्रायव्हरचे चुंबक आयर्नचे लोखंडी मुलामा असलेले टोक ओढून घेते, म्हणून हात टेकवून काम करा आणि एका-दोन सेकंदांत आटपा. व्हॉइस कॉइलच्या (ड्रायव्हरमधल्या तारेच्या गुंडाळीच्या) केसासारख्या तारा त्याच जोडावर असतात. दोन्ही कानांत अधिक-उणे सारखेच लागले पाहिजे. एकीकडे उलटले तर बास पातळ होतो आणि आवाज डोक्याच्या मध्यावर बसत नाही.

टाइप-सी इअरफोनच्या प्लगमध्ये किंवा वायरीवरच्या डबीत बहुधा डिजिटल आवाजाचे रूपांतर करणारी चिप असते, तिथे वरची मापे लागू पडत नाहीत. नेकबँडची वायर गळ्यामागून बॅटरीचा प्रवाहही नेऊ शकते. त्या तारा एकदम कटरने कापल्या तर लिथियम बॅटरी शॉर्ट होते, म्हणून एकेक तार कापून लगेच टोक झाका. आणि ड्रायव्हरच्या दोन जोडांवर थेट मीटर लावूनही ओपनच दिसले, तर व्हॉइस कॉइलच तुटली आहे. ती घरी जुळत नाही, ड्रायव्हर बदलावा लागतो. तोही जोडीने बदललेला बरा, कारण वेगळ्या बनावटीचे दोन ड्रायव्हर क्वचितच सारखे वाजतात.