गोधडीला पक्का दोरा का चालत नाही

घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात, तशी आमच्याकडे आज्जीची गोधडीपण निघाली आणि गच्चीच्या कठड्यावर वाळत टाकलेली ती खाली ओढताना एका गंजक्या खिळ्यात अडकली. टर्रकन आवाज आला. बघितलं तर वरच्या लुगड्याला वीतभर चीर, आणि ती पण सरळ नाही, चक्क काटकोनात. आज्जीच्या हातचे टाके आहेत त्यात, त्यामुळे मला किती वाईट वाटलं ते सांगता येत नाही.

आता ही चीर काटकोनातच का गेली? कापडात उभे आणि आडवे असे दोनच प्रकारचे धागे असतात. खिळा घुसतो त्या जागी कोपरा होतो आणि तिथून चीर एक तर उभ्या धाग्यांच्या बाजूने जाते नाहीतर आडव्या, कारण तिरकं फाटायचं तर दोन्हीकडचे धागे तोडावे लागतात, ते अवघड. कापड दुकानदार कात्रीने जरासं कापतो आणि मग हाताने टर्रकन मीटरभर फाडतो ना, तेच इथे होतं. अख्खं कापड ओढलं तर जोर शेकडो धाग्यांवर वाटला जातो, पण चिरेच्या टोकाशी तो सगळा जोर एका वेळी दोन-चार धाग्यांवरच येतो. ते तुटले की पुढचे दोन-चार. सी. ई. इंग्लिस या ब्रिटिश इंजिनिअरने 1913 मध्ये धातूच्या पत्र्यासाठी हा हिशोब मांडला होता, गोल भोकाच्या कडेला ताण साधारण तिप्पट होतो आणि चिरेचं टोक जितकं अणकुचीदार तितका तो अजून वाढत जातो. कापडाला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत कारण धागे थोडे सरकतात, एकमेकांना चिकटून जोर वाटून घेतात, म्हणूनच सैल विणीचं कापड पटकन फाटत नाही. पण मूळ गोष्ट तीच.

आणि गोधडीची खरी कमाल इथे दिसते. वरचा थर फाटला पण खालच्या थरांना काहीही झालं नव्हतं. चीर एका कापडातून दुसऱ्यात आपोआप उडी मारत नाही, आणि धावदोऱ्याच्या ओळी सगळे थर एकत्र धरून ठेवतात म्हणून फाटलेल्या भागाचा जोर खालची कापडं घेतात. विरलेल्या जुनेरांपासून एवढं टिकाऊ पांघरूण होतं ते यामुळेच.

मी मात्र घाईत पॉलिस्टरचा जाड दोरा घेतला आणि चिरेच्या दोन्ही कडा जवळ आणून बारीक-बारीक टाक्यांनी घट्ट शिवून टाकल्या, दिसायला एकदम पक्कं काम. पुढच्याच धुण्यात टाक्यांच्या अगदी शेजारून कापड फाटलं, दोरा जसाच्या तसा.

शेजारच्या काकू गेली कित्येक वर्षं गोधड्या शिवतात, त्यांना दाखवलं तर बघताक्षणी म्हणाल्या, "अगं, जुन्याला जुनंच लावावं, आणि दोरा कापडापेक्षा कच्चा असावा. तुटला तर दोरा तुटू दे, लुगडं नको." मग मी यामागचं कारण शोधत बसले आणि प्रत्येक शब्द बरोबर निघाला.

सुती धागा म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजचे हजारो कण एकापुढे एक जोडलेली लांब साखळी. ऊन, घाम, ब्लीच हे सगळे वर्षानुवर्षं ती साखळी मधेमधे तोडत राहतात, कापड दिसायला तेच पण आतून विरतं. अशा कापडात न ताणणारा मजबूत दोरा घातला की ओढ बसल्यावर तो साबणाची वडी दोऱ्याने कापावी तसा कापडाला कापत जातो. त्यात टाके दाट असले तर सुईच्या भोकांची एक रेघच तयार होते, पावती फाडायला असते तशी.

काकूंनी माझी शिवण सगळी उसवली. मग जुन्या सुती साडीचा तुकडा घेतला, चिरेपेक्षा चारी बाजूंनी चार बोटं मोठा, कोपरे गोल कापले आणि त्याचे उभे-आडवे धागे गोधडीच्या धाग्यांशी जुळवून ठिगळ लावलं. नवं कापड का नाही? त्याला खळ असते, मागावर ते ताणलेलं असतं, पहिल्या धुण्यात आटतं आणि आजूबाजूचं विरलेलं कापड आपल्याकडे खेचतं. साडीचं धुऊन-धुऊन आटायचं ते आटून झालेलं असतं. दोरा पण त्याच साडीच्या कडेचा उपसलेला, सुई बारीक. टाके सैल, आणि सगळ्या ओळी एकाच रेषेत संपवल्या नाहीत, एक लांब एक आखूड, म्हणजे ओढ एका जागी जमत नाही, पसरत जाते. (साडी मधे विरली की तो भाग काढून उरलेले तुकडे जोडायची, म्हणजे दंड घालायची पद्धत होती ना, तिथेपण चांगल्या कापडालाच चांगलं कापड जोडायचे.)

खिळ्याचा गंज लागलेला डाग होता त्यावर ब्लीच अजिबात टाकू नका हे आवर्जून सांगते, लोहामुळे ब्लीच त्याच जागी कापड जास्त खातं आणि काही दिवसांनी तिथे भोकच पडतं. लिंबाच्या रसाने गंज निघतो, पण आम्ल कापडात वाळू द्यायचं नाही, लगेच भरपूर पाण्याने धुवायचं.

अजून एक, ठिगळासाठी घेतलेलं कापड सुतीच आहे का ते बघा. एक धागा काढून तो जाळला आणि वितळून टणक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे. कागदासारखा वास आला तर सुती किंवा रेयॉन, दोन्हींचा वास सारखाच येतो. मग दुसरा धागा ओला करून ओढायचा. सूत ओलं झाल्यावर उलट जास्त मजबूत होतं आणि रेयॉन मात्र अगदी लेचंपेचं होऊन पटकन तुटतं, असं कापड गोधडीत असेल तर पहिल्याच धुण्यात तेच जाणार.

वाळत घालताना एका दोरीवर लटकवू नका. दोन किलोची गोधडी ओली झाली की सहज चार-पाच किलोची होते आणि ते सगळं वजन दोरीवरच्या एका घडीवर येतं. आमची आता खाटेवर पसरून वाळते, ठिगळाची बाजू वर.