घरी काडतूस भरायचं गणित आणि आपला कायदा

हल्ली बंदुकीचं लायसन्स असलेल्या मंडळींत रिलोडिंगचा, म्हणजे वापरलेलं काडतूस घरी पुन्हा भरायचा, विषय सारखा निघतो, अमेरिकेत लोक घरी टेबलावर प्रेस (काडतूस दाबून भरायचं हाताचं यंत्र) लावून काडतूसं भरतात आणि स्वस्तात बार काढतात, मग आपण का नाही. रावेर-यावलकडे मक्यात, केळीत डुकरं घुसायला लागली की ही चर्चा अजूनच रंगते. म्हणून हे मागचं थोडं लिहून ठेवतो.

1857 ची चरबीवाली काडतूसं, 1878 चा हत्यार कायदा हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात जात नाही. घरी भरणं आपल्याला नवीन नाहीच, ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार हातानेच भरावा लागतो, नळीत दारू, वर चिंध्यांचा बोळा, मग छर्रे, गजाने ठासायचं आणि टोपी बसवायची. बारा बोअर (छर्ऱ्याची काडतुसं घेणारी बंदूक) आली तेव्हा साहेब लोकही पितळी नाहीतर कागदी केसेस, म्हणजे काडतुसाची रिकामी नळकांडी, पुन्हा भरून वापरायचे, त्याची अवजारं शिकारीच्या सामानातच असायची.

पैसे वाचतात ते केसमुळे. दारू, गोळी, प्रायमर (केसच्या तळाची, पिन आपटली की पेटून दारू पेटवणारी टोपी) उडून जातं, पितळ मात्र हातात राहतं आणि काडतुसात महाग तेच असतं. 1866 मध्ये एका अमेरिकन आणि एका इंग्रज माणसाने काही महिन्यांच्या अंतराने आपापल्या पद्धतीचा प्रायमर काढला, गंमत म्हणजे अमेरिकनाचा युरोपात चालला आणि इंग्रजाचा अमेरिकेत. रिकाम्या केसमध्ये बॅटरी मारून बघा, तळाला मधोमध एकच भोक असेल तर ती इंग्रजाची पद्धत, जुना प्रायमर काडीसारख्या सळईने खालून सहज निघतो, दोन बारकी भोकं असतील तर अमेरिकनाची, म्हणजे डोकेदुखी. अमेरिकेत एक भोकवाली केस रुळली म्हणून तिथे हा छंद सोपा पडला, त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची उरलेली दारू स्वस्तात बाजारात आली, आणि मग पार सामान्य माणूसही भरायला लागला. तरी 2013 ला आणि 2020 नंतर तिकडे प्रायमरच मिळेनात, तेव्हा प्रेसवाले पण हात चोळत बसले होते.

आपल्याकडे गाडी अडते ती 1959 च्या हत्यार कायद्यात, जो 1962 च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. त्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची मशिनरीसुद्धा येते. म्हणजे अक्षरशः वाचलं तर रिकामी केस पण दारूगोळा आणि ती भरायचा प्रेस पण दारूगोळाच. पण त्याच कायद्यात पुढे कलम 45 मध्ये सूट आहे, किरकोळ सुटे भाग जवळ असले आणि जोडीच्या बाकी भागांसोबत वापरायचा इरादा नसला तर कायदा लागू नाही. आता बघा, शोकेसमध्ये ठेवलेली केस किरकोळ भाग, पण तीच केस प्रायमर आणि दारूच्या डब्याशेजारी ठेवली की इरादा आला, सूट गेली. आणि भरून झाली की ते बनवणं झालं, त्याला कलम 5 चं वेगळं लायसन्स लागतं, तुमचं बंदूक बाळगायचं लायसन्स तिथे उपयोगाचं नाही. पुन्हा भरणं म्हणजे बनवणं नव्हे, वापरलेलंच परत वापरणं आहे असा वाद काही जण घालतात, ऐकायला बरा वाटतो पण मशिनरीवाल्या शब्दापुढे टिकेल असं मला वाटत नाही. त्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला कमीत कमी सात वर्षं आणि वर जन्मठेपेपर्यंत शिक्षा झालीये. वर्षाला चार बार टाकणाऱ्या शेतकऱ्याला आणि कट्टे बनवणाऱ्याला एकाच मापात मोजायचं हे मला पटत नाही, पण चोपड्याच्या बाजूला सातपुड्यात, मध्य प्रदेशातल्या उमर्टी गावचे कट्टे वर्षानुवर्षं पकडले जातात, तेव्हा आपल्या भागात घरी भरलेलं काडतूस सापडलं तर पोलीस कौतुक करणार नाहीत हे उघड आहे.

1972 चा वन्यजीव कायदा आला आणि शिकारीवर बंधनं आली, 1991 च्या दुरुस्तीने ती जवळपास बंदच झाली, तशी बारा बोअरची मागणीच आटली. ऐंशीच्या दशकात बाहेरून येणारा माल सर्वसामान्यांसाठी बंद झाला आणि आपल्या लोकांच्या वाट्याला खडकीच्या कारखान्याचं काडतूस तेवढं उरलं. वरणगावला 1964 पासून काडतूसांचा कारखाना आहे, भुसावळहून हाकेच्या अंतरावर, पण तिथला माल फौजेच्या रायफलींचा, आपल्या दुनळीला त्याचा काय उपयोग. लायसन्सवर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतूसं हे लिहिलेलंच असतं, काही राज्यांत तर नवीन घेताना रिकाम्या केसेस दाखवाव्या लागतात.

म्हणून पैशाचं गणितही इथे बसत नाही, प्रेस, डाय (केस आकारात आणायचा साचा), वजनकाटा यांचा खर्च निघायला हजारोंनी बार टाकावे लागतात. रेंजवर पॉइंट टू टूची (.22) बारीक काडतूसं मारणाऱ्या पोरांनी तर हा विचारच सोडावा, त्यात प्रायमरचा मसाला केसच्या काठातच भरलेला असतो आणि पिन आपटली की तो काठ चेपतो, ती केस परत भरता येत नाही, अमेरिकेतपण सहसा कोणी भरत नाही.