पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही

संगणक दुरुस्तीच्या दुकानात दिवसातून चार वेळा तरी ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘डिस्प्ले येत नाही’. गेल्या दिवाळीत माझ्या भाच्यानेही तीच तक्रार केली. एका कचेरीने मोडीत काढलेला, २०११ सालच्या इंटेल प्रोसेसरचा संगणक त्याने स्वस्तात घेतला होता आणि त्यात पडद्यावरचे चित्र तयार करणारे नवे ग्राफिक्स कार्ड बसवले होते. कार्डाचा पंखा फिरत होता, कॅबिनेटवरचा दिवा लागत होता, पण मॉनिटर मात्र ‘नो सिग्नल’च्या पुढे जात नव्हता. दुकानदाराने फोनवरच ‘मदरबोर्ड जुना आहे, बदलून टाका’ असे निदान केले. ते पूर्ण चूक नव्हते, पण घाईचे होते. कारण जुन्या मदरबोर्डावर, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडले जातात त्या मुख्य बोर्डावर, नवे कार्ड न चालण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतली निम्मी तरी एक पैसाही खर्च न करता दूर होतात.

सर्वसाधारण समज असा की नव्या कार्डाचा वेग जुन्या स्लॉटला झेपत नाही. प्रत्यक्षात ही शक्यता सर्वांत कमी असते. ग्राफिक्स कार्ड ज्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसते, त्याची पहिली आवृत्ती २००३ साली ठरली आणि पाचवी २०१९ साली. या काळात वेग प्रत्येक पिढीत जवळपास दुप्पट होत गेला, पण स्लॉटचा आकार आणि मूळ बोलणी तीच राहिली. बोलणी हा शब्द इथे जवळजवळ शब्दशः घ्यावा. संगणक सुरू होताच कार्ड आणि बोर्ड आधी पहिल्या पिढीच्या, म्हणजे प्रत्येक लेनवर (माहिती वाहून नेणाऱ्या मार्गिकेवर) सेकंदाला अडीच अब्ज स्पंदांच्या सावकाश गतीने एकमेकांची चाचपणी करतात, आणि मग दोघांनाही जमेल अशा सर्वांत वरच्या गतीवर जातात. त्यामुळे चौथ्या पिढीचे कार्ड दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसवले तर ते दुसऱ्या पिढीच्या गतीने चालणे अपेक्षित असते, बंद पडणे नव्हे.

मात्र त्यासाठी कार्ड पूर्ण आत बसलेले हवे, आणि इथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. कार्डाच्या सोनेरी दातांची रांग उजेडात धरून पाहिली तर त्यांतला एखादा दात इतरांपेक्षा किंचित आखूड दिसतो. कार्ड हजर आहे ही वर्दी बोर्डाला देणारा तो दात मुद्दामच आखूड ठेवलेला असतो, म्हणजे बाकीचे सगळे दात टेकल्यावरच तो टेकावा. जुन्या कॅबिनेटचा पत्रा थोडा वाकलेला असला आणि कार्ड मागच्या बाजूने एखाद्या मिलिमीटरने उचललेले राहिले, तर पंखा फिरतो, कारण वीज देणारे दात स्लॉटच्या पुढच्या टोकाला असतात. पण ही वर्दी पोचतेच असे नाही. स्क्रू आवळण्यापूर्वी स्लॉटच्या टोकाची खिट्टी ‘टक्’ वाजली का, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. मॉनिटरची केबल नव्या कार्डाऐवजी सवयीने मदरबोर्डालाच लावलेली नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे. हा प्रश्न विचारलेला लोकांना अपमानकारक वाटतो, पण तो विचारावाच.

त्यानंतर विजेचा प्रश्न येतो. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात. त्यापुढची गरज एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या खोक्यातून, येणारी सहा पिनांची केबल आणखी ७५ आणि आठ पिनांची १५० वॅट देऊन भागवते. एसएमपीएसच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत काय छापले आहे याला फारसा अर्थ नसतो. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचावे. तिथे १६ असेल, तर त्या ओळीची एकूण क्षमता १९२ वॅट झाली, आणि त्यातूनच प्रोसेसरलाही जगायचे असते. विजेच्या कमतरतेची खूण अशी की चित्र दिसते, विंडोज सुरू होते, आणि खेळ किंवा व्हिडिओचे जड काम चालू होताच संगणक फटकन बंद होतो. भाच्याच्या कार्डाला वेगळी केबल लागत नव्हती आणि त्याचे चित्र पहिल्या क्षणापासूनच गायब होते, म्हणून हे कारण मी बाजूला ठेवले.

चित्र नेमके कोणत्या क्षणी नाहीसे होते, हाच निदानाचा खरा धागा आहे. मी त्याला कीबोर्डवरचे नम लॉक बटण दाबायला सांगितले. दिवा लागला, पुन्हा दाबल्यावर विझला. म्हणजे संगणक मेलेला नव्हता, फक्त मुका होता. असा मुकेपणा बहुतेक वेळा बायोस, म्हणजे संगणक सुरू होताच बोर्डावर चालणारा पहिला प्रोग्रॅम, आणि कार्ड यांच्यातल्या भाषेचा असतो.

विंडोज सुरू होऊन तिचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) कामाला लागेपर्यंत पडद्यावर अक्षरे दाखवण्याची जबाबदारी कार्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये साठवलेल्या प्रोग्रॅमची असते. या प्रोग्रॅमची सुरुवात ५५ आणि एए या दोन ठरलेल्या बाइट्सनी होते; बोर्ड ती खूण शोधतो आणि पुढे प्रोग्रॅम कोणत्या प्रकारचा आहे हे सांगणारा आकडा वाचतो. तो आकडा शून्य असेल तर १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेल्या १६-बिट पद्धतीचा प्रोग्रॅम, आणि तीन असेल तर यूईएफआय या नव्या पद्धतीचा. संक्रमणाच्या काळातल्या बऱ्याच कार्डांवर दोन्ही प्रोग्रॅम शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि बोर्डाने आपल्याला कळणारा उचलायचा असतो. जुन्या पद्धतीच्या बोर्डाला तीन क्रमांकाचा प्रोग्रॅम वाचताच येत नाही. उलट नव्या पद्धतीचे अनेक बोर्ड जुन्या कार्डांसाठी सीएसएम नावाची सोय देतात, आणि ती चालू आहे की बंद यावरही पडदा उजळणे अवलंबून राहते. २०११-१२ च्या सुमाराचे बोर्ड तर अगदी उंबरठ्यावरचे आहेत. त्यांच्यात यूईएफआय असते, पण कच्चे.

दोष दर वेळी बोर्डाचाच असतो असेही नाही. डिस्प्लेपोर्ट १.३ किंवा १.४ चा मॉनिटर जोडला की विंडोज सुरू होईपर्यंत पडदा काळाच राहतो, हा दोष एनव्हिडियाच्या काही कार्डांत आढळला होता, आणि २०१८ साली कंपनीने कार्डावरच्या त्या प्रोग्रॅमची दुरुस्ती उपलब्ध करून दिली. तोपर्यंतचा उपाय म्हणजे मॉनिटर एचडीएमआय किंवा डीव्हीआयने जोडणे. घरात दुसरी केबल असेल तर हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे.

भाच्याच्या बाबतीत उपाय बायोसमध्येच निघाला. कार्ड काढून, प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर संगणक सुरू केला, तर बायोस बोर्ड विकला गेला तेव्हाचाच निघाला. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने त्यानंतर काढलेल्या सुधारित आवृत्त्या कोणी घातल्याच नव्हत्या. शेवटची आवृत्ती फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घेतली आणि यूपीएस लावूनच ती चढवली. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो, आणि आपल्याकडे विजेवर इतका विश्वास टाकण्यात अर्थ नाही. मग संगणक बंद करून केबल काढली, बोर्डावरची सीआर२०३२ बटण बॅटरी दहा मिनिटे बाहेर ठेवून जुन्या सेटिंग पुसल्या, कार्ड बसवले, आणि पहिल्याच झटक्यात कंपनीचे बोधचिन्ह पडद्यावर उमटले.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. सीएसएम बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीने (डिस्कचे भाग पाडण्याची ही जुनी रीत) मांडलेल्या डिस्कवर असेल तर चित्र येते आणि विंडोज जाते, म्हणजे सुरूच होत नाही. आधी डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीची करून घ्यावी लागते; त्यासाठी विंडोज १० मध्ये २०१७ पासून ‘एमबीआर२जीपीटी’ ही आज्ञा दिलेली आहे.

कार्ड चालू होणे आणि ते पूर्ण जोमाने चालणे, या मात्र दोन गोष्टी आहेत. एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी २०२२ च्या जानेवारीत आले, तेव्हा त्याला सोळाऐवजी चारच लेन दिलेल्या होत्या. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चार लेनमधून सेकंदाला सुमारे ८ गीगाबाइट माहिती जाते, तिसऱ्या पिढीत ४ आणि दुसऱ्या पिढीत केवळ २. कार्डाची स्वतःची मेमरी ४ गीगाबाइटच असल्याने ती भरताच हा अरुंद रस्ता जाणवू लागतो. स्वस्त कार्ड जुन्या संगणकासाठीच घेतले जाते, म्हणून ही काटकसर मला विशेष खटकते. इंटेलच्या आर्क कार्डांची अडचण निराळी आहे. प्रोसेसरला कार्डाची मेमरी परंपरेने २५६ मेगाबाइटच्या खिडकीतून दिसते. आर्क कार्डे ही खिडकी पूर्ण उघडी असेल असे गृहीत धरून रचलेली आहेत, आणि ती उघडणारी ‘रिसायझेबल बार’ ही सोय नसलेल्या बोर्डावर ती चालतात, पण रडत रडत.

आठवड्याने भाच्याचा पुन्हा फोन आला. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये स्लॉटचा वेग १.१, म्हणजे पहिल्या पिढीचा, दिसत होता आणि कार्ड सदोष निघाले अशी त्याची खात्री झाली होती. मी त्याला त्याच खिडकीतले प्रश्नचिन्हाचे बटण दाबून कार्डाला थोडा वेळ कामाला लावायला सांगितले. निवांत असताना वीज वाचवण्यासाठी कार्ड गती खाली आणते. काम सुरू होताच आकडा २.० वर गेला, आणि त्याच्या प्रोसेसरची मर्यादा तेवढीच होती.