धवलारीण

धवलारीण (आगरीत धवलारीन) म्हणजे आगरी, कोळी लोकांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाणारी बाई. ठाणे, नवी मुंबई, उरण, पनवेल ह्या पट्ट्यात मांडवापासून हळदीपर्यंतचे विधी तिच्या गाण्यावर चालतात. बाहेरच्या माणसाला वाटतं ही करमणुकीला बोलावलेली गायिका, पण तसं नाय, मांडवातली पुरोहित तीच, भटजी येतो तो मंगलाष्टकांपुरता आणि त्याच्या आधी काय कधी करायचं ते ही बाई सांगते. वारल्यांमध्ये तर धवलेरी लग्नच लावते.

प्रकार लय जुना आहे. 13व्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नावर धवळे रचले, मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचंच नाव घेतात. तिचे पोथीत उतरले, गावातले तोंडीच राहिले.

वाद्य बहुतेक नसतंच. एक बाई ओळ सांगते, मागच्या दोघी-तिघी ती उचलतात, चाल संथ आणि लांबवलेली, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सगळी गाणी एकसारखीच वाटतील. सुरवातीला देवांना आवतण जातं, गावदेवी, मारुती, खंडोबा, कार्ल्याची एकविरा, मग घरातले मेलेले वाडवडील. त्यानंतर जिवंत माणसं, आणि इथे खरी कसोटी. घाणा भरताना, म्हणजे लग्नाच्या विधीचं भात कांडताना, उखळात मुसळ पडतंय, बायका हात लावतायत, आणि धवलारीण नवऱ्या मुलाच्या आयबापापासून काका, मामा, आत्या, मावशी सगळ्यांची नावं ओळीत बसवत जाते. म्हणून घरातली एखादी जाणती बाई तिच्या कानाशी बसवतात, ती हळूच नाव सांगते की पुढच्या ओळीत ते आलंच. एखादी आत्या सुटली तर संपलं, जेवणापर्यंत तोंड फुगलेलं.

ही विद्या कोण शिकवत नाय. आईच्या नायतर सासूच्या मागे बसून ओळी उचलता उचलता पाठ होतात, पुढची थकली की मागची पुढे येते. तुळशीच्या लग्नापासून सीझन, पावसाळ्यात काम नाय, तेव्हा मासळीचा धंदा नायतर घरकाम. मान म्हणून साडी, नारळ, तांदूळ आणि वर पैसे.

सिडको, म्हणजे शहर वसवणारी सरकारी कंपनी, 1970 साली आली आणि 95 गावांची जमीन नवी मुंबईसाठी घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली, पण घणसोली-करावे-दिवाळ्याच्या हळदीत गाणं अजून भातकांडणाचंच आहे, तांदूळ भले वाण्याकडच्या पिशवीतला असो. उखळ आता घरोघरी राहिलं नाय, आळीत एखाद्याकडे असतं, तेच सगळ्या लग्नांना फिरतं.

संध्याकाळी मात्र मांडव दुसऱ्याचा होतो. बेंजो पार्टी, डीजे, नायतर आगरी-कोळी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, ज्याचा गायक बऱ्याचदा पार्टीचा मालकपण असतो, साउंड त्याचा, पोरं त्याची, बॅनरवर फोटो त्याचा, आणि गावागावात त्याला ओळखणारी पब्लिक. धवलारणीचा फोटो कुठल्या बॅनरवर दिसणार नाय. तरी रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो (2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे), आणि तिला माइक लागतोच कुठे.

तिचं गाणं डीजेने मारलं असं सगळेच म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. दोघांच्या वेळाच वेगळ्या. खरी अडचण अशी की मागे बसणाऱ्या पोरी आता नोकरीला जातात, चार दिवस मांडवात बसायला वेळ कोणाला आहे, त्यामुळे ओळ सांगणारी असते पण उचलणारी नसते. काही घरात मग मोबाईलवरचं रेकॉर्डिंग लावून भागवतात. त्यात नावं दुसऱ्याच कुणाच्या घरातली, म्हणून एखादी आजी उठते, आवाज बारीक करायला लावते आणि आपल्या माणसांची नावं मधेच घुसवते.