पहाटेची शुगर आणि गळ्यातली ग्रंथी

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की नाशकात सगळ्यांनाच हुडहुडी भरते. त्यामुळे पंचवटीतली आमची मावशी डिसेंबरात एकावर एक दोन स्वेटर चढवून बसायची, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल होतं ते तिच्या शुगरच्या वहीत. इन्सुलिनचे युनिट तेच, जेवण तेच, वजन तर वाढलेलं. तरी पहाटेचे आकडे ६२, ५८, म्हणजे फारच खाली. घरच्यांनी खापर एकादशीवर फोडलं. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचं काम सांगणारी टीएसएच ही रक्ततपासणी सुचायला दोन महिने गेले.

शुगर आणि थायरॉईडचा संबंध वैद्यकालाही सुचायला बराच काळ लागला. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात प्रमेह (ज्यात मधुमेह येतो) सहाव्या अध्यायात आहे आणि गलगंड, म्हणजे गळ्यावरची गाठ, अकराव्यात. ही फारकत पुढेही टिकली. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. दोनच वर्षांनी इंग्लंडात न्यूकॅसलच्या जॉर्ज मरेंनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून, अंग सुजून मंदावलेल्या एका बाईला हिंडतं-फिरतं केलं. दोन्ही शोध मोठे, पण एकमेकांशी बोलत नव्हते. दुवा दिसू लागला १८९५ मध्ये, बर्लिनमध्ये माग्नुस-लेवींनी रुग्णांचा प्राणवायूचा खप मोजला तेव्हा. थायरॉईड जास्त असेल तर शरीराची भट्टी जोरात, कमी असेल तर मंद. भट्टीचा वेग बदलला की इंधनाचा हिशेब बदलणारच, आणि साखर हे तर मुख्य इंधन.

१९२२ मध्ये माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं आणि हा हिशेब युनिटमध्ये मांडता येऊ लागला. पण या गोष्टीतला माझा आवडता माणूस म्हणजे अर्जेंटिनाचे बर्नार्दो उसाय. १९४३ मध्ये लष्करी राजवटीनं त्यांना विद्यापीठातून काढलं, तर त्यांनी ब्वेनोस आइरेसमध्येच खासगी संस्थेत काम सुरू ठेवलं. स्वादुपिंडाचा बराचसा भाग काढलेल्या कुत्र्यांना थायरॉईड चारलं की मधुमेह उभा राहतो, आणि काही कुत्र्यांत थायरॉईड बंद केल्यावरही तो जात नाही, हे त्यांनी दाखवलं. १९४७ चं नोबेल त्यांना मिळालं ते मात्र मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी आणि साखर यांच्या संबंधाबद्दल.

आत काय घडतं ते आता बरंच उलगडलंय. थायरॉईड वाढलं की आतडी साखर झपाट्यानं शोषतात, यकृत नवी साखर बनवून रक्तात ओतत राहतं, आणि इन्सुलिनचा निचराही लवकर होतो. साहजिकच शुगर चढते. थायरॉईड कमी पडलं की यकृताचा हात आखडतो आणि टोचलेलं इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं. मावशीच्या ५८ चं उत्तर इथं होतं. गंमत म्हणजे थायरॉईड कमी असताना स्नायू इन्सुलिनला नीट दादही देत नाहीत, म्हणून इन्सुलिन न घेणाऱ्या एखाद्याचं चित्र वेगळं दिसू शकतं. ‘मला थायरॉईड आहे’ म्हणणाऱ्याला म्हणूनच आधी विचारावं, जास्त की कमी? (थायरॉईड तसं सगळ्यांनाच असतं.)

न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० च्या सुमारास रक्तातलं अत्यल्प इन्सुलिन मोजण्याची किरणोत्सर्गी पद्धत काढली. त्याच पद्धतीनं पुढे टीएसएच मोजता येऊ लागलं. थायरॉईडच्या रिपोर्टची वाट अशी मधुमेहाच्या प्रयोगशाळेतून निघालेली आहे. यालोंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते.

एक खोडा मात्र नव्या तपासणीनंच घातला. आपण जिला ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतो, त्या एचबीएवनसीचा मधुमेहाशी संबंध पहिल्यांदा टिपला तो तेहरानच्या सॅम्युअल राहबर यांनी, १९६८ मध्ये. ही तपासणी लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते. थायरॉईड कमी असलं की नव्या लाल पेशी सावकाश बनतात, रक्तात जुन्यांचा भरणा होतो, आणि जुन्या पेशीला साखर चिकटायला जास्त दिवस मिळालेले असतात. म्हणून आकडा खऱ्यापेक्षा फुगू शकतो. मावशीचं नेमकं हेच झालं. वही म्हणत होती शुगर उतरतेय, तीन महिन्यांचा रिपोर्ट म्हणत होता चढलीय. डोस वाढवायचंही घाटत होतं. तेवढ्यात कुणीतरी तिच्या गळ्याकडे नीट पाहिलं.

आता ती रोज उठल्या-उठल्या उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेते आणि चहासाठी तासभर थांबते. ते थांबणं तिला गोळीपेक्षा जड जातं. गोळी लागू पडली तसे पहाटेचे आकडे पुन्हा वर सरकले आणि डॉक्टरांनी इन्सुलिनचे युनिट थोडे वाढवले. मावशीचं म्हणणं, या गोळीनंच शुगर वाढवली.